उकडलेले डुकराचे मांस : कोरियन पद्धत आणि आपली भीती

बीड : कोरियन मालिकांनी आपल्याकडील तरुण पिढीला ज्या पदार्थांची नावे पाठ करून दिली, त्यांत 'बोस्साम' हे एक ठळक नाव आहे. रांजणगाव आणि तळेगाव परिसरात कोरियन कंपन्यांचे कारखाने आले आणि पुण्यात कोरियन खानावळी दिसू लागल्या. शिक्षण किंवा नोकरीसाठी पुण्याला गेलेले बीड जिल्ह्यातील तरुण तेथे हा पदार्थ चाखतात आणि सुट्टीत गावी आले की तो घरी करण्याचा विषय काढतात. घरातून पहिला प्रश्न येतो तो डुकराचे मांस आणावे की नाही हाच. त्यामागे चवीपेक्षा रोगाची भीती आणि जातीशी जोडलेला संकोच अधिक असतो. पाककृतीइतकेच या दोन्ही गोष्टी समजून घेणेही आवश्यक आहे.

'बोस्साम' म्हणजे पानात गुंडाळून खायचे उकडलेले मांस. नुसत्या उकडलेल्या मांसाला कोरियात 'सुयुक' म्हणतात. हिवाळ्याच्या तोंडावर कुटुंबे आणि शेजारीपाजारी एकत्र येऊन वर्षाची किमची घालतात. 'किमजांग' नावाच्या या प्रथेची युनेस्कोने २०१३ मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. दिवसभराच्या कष्टानंतर ताज्या किमचीबरोबर गरम उकडलेले मांस वाढण्याची तेथील रीत आहे. आपल्याकडे पापड-कुरडयांच्या दिवसांत शेजारणी जमतात, तसेच हे.

मराठवाड्याच्या स्वयंपाकघराला ही पद्धत परकी नाही. मटण आधी हळद-मीठ घालून पाण्यात शिजवायचे, त्याचे आळणी पाणी लहान मुलांना व आजाऱ्यांना द्यायचे आणि मग मसाल्याला हात घालायचा, हे येथील घराघरांत चालते. फरक इतकाच, की आपण आळणीनंतर मसाला घालतो. कोरियन स्वयंपाक मात्र आळणीवरच थांबतो आणि तिखट-आंबट चव ताटात बाजूला ठेवतो.

कृती सोपी आहे. पोटाकडील चरबी आणि मांसाचे थर असलेला किंवा खांद्याचा एक किलोचा सलग तुकडा घ्यावा. बारीक फोडी करू नयेत. मांस पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात एक मोठा कांदा, लसणाचा एक गड्डा, दोन इंच आले, दहा-बारा मिरे, दोन तमालपत्रे आणि मीठ घालावे. कोरियन गृहिणी यात सोयाबीन आंबवून केलेली 'देनजांग' ही खारट चटणी दोन चमचे आणि वास मारण्यासाठी चमचाभर कॉफीही घालतात. देनजांग न मिळाल्यास मीठ थोडे वाढवावे. पदार्थ अडत नाही.

पाण्याला उकळी आल्यावर मांस सोडावे. पहिली दहा मिनिटे झाकण न ठेवता मोठ्या आचेवर उकळू द्यावे, म्हणजे उग्र वास वाफेबरोबर निघून जातो आणि वर येणारा फेस काढता येतो. त्यानंतर आच मंद करून, झाकण थोडे उघडे ठेवून ४५ ते ५० मिनिटे शिजवावे. सतत खळखळ उकळल्यास मांसाचे तंतू आकसतात आणि आतला रस बाहेर पडतो. मंद आचेवर मात्र कातडीतील व सांध्यांतील चिवट भाग हळूहळू विरघळून मऊ होतो. कुकरमध्ये हे काम लवकर होते. पण मांस तुटून पडते आणि सुबक काप निघत नाहीत. सुई किंवा काटा खोल टोचल्यावर लाल रस न येता स्वच्छ पाणी आले, की मांस शिजले असे समजावे. दहा मिनिटे त्याच पाण्यात राहू देऊन मग तंतूंना आडवे, अर्ध्या सेंटिमीटरचे काप करावेत.

सोबत मुळ्याच्या बारीक काड्यांना मीठ लावून, पाणी पिळून, तिखट, लसूण, साखर व व्हिनेगर लावावे. कोरियात खारवलेल्या बारीक कोळंबीची चटणी लागते. आठवडी बाजारातील जवळा भाजून, लसूण व लाल मिरचीबरोबर कुटला तर ती उणीव भरून निघते. उरलेले पाणी गार करून, वरची चरबी काढून, येसर लावून आमटीही करता येते.

आता भीतीविषयी. डुकराच्या मांसातून फीतकृमी होतो आणि तो मेंदूत जातो, असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा आहे. उघड्यावर फिरणारे डुक्कर मानवी विष्ठेतून या कृमीची अंडी खाते आणि त्याच्या मांसात साबुदाण्यासारख्या पांढरट गाठी तयार होतात. असे मांस कच्चे राहिले तर खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. परंतु मेंदूतील गाठी आणि त्यातून येणारे फिट्सचे झटके यांचे कारण मांस नसून कृमीची अंडी होत. बाधित माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली ही अंडी अस्वच्छ हातांमार्फत, दूषित पाण्यातून किंवा कच्च्या भाजीवरून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणूनच जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. माणसे आणि मोकाट डुकरे जवळजवळ राहतात अशा अनेक भागांत मिरगीच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हा कृमी असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

याचा स्वयंपाकघरातील अर्थ असा : समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवरील बीडमध्ये पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि तासभर त्यात शिजलेल्या मांसात कृमीच्या गाठी जिवंत राहत नाहीत. या ताटात जपायचे ते मांस गुंडाळण्याच्या कच्च्या पानाला. धुण्याने अंडी बऱ्याच अंशी निघून जातात, पण मरत नाहीत. मारते ती उष्णता. सुदैवाने कोरियात वाफवलेल्या कोबीच्या पानांत मांस गुंडाळण्याचीही पद्धत आहे. आपण तीच घ्यावी. मुळाही वाहत्या पाण्याखाली घासून धुवावा आणि सोलूनच चिरावा. कच्च्या मांसाची सुरी व पाट वेगळे ठेवावेत, हात साबणाने धुवावेत. मांस परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि त्यात पांढरे दाणे दिसल्यास ते वापरू नये.

राहता राहिला संकोच. मराठवाड्यातील दलित समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करणारे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आले आणि कोणाचे अन्न ताटात येते व कोणाचे वेशीबाहेर राहते, हा प्रश्न मराठी वाचकापुढे उभा राहिला. डुकराचे मांस आपल्या गावांतही पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले आहे. फक्त त्याची पाककृती वर्तमानपत्रात आली नाही. ते खावे की न खावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आणि आवडीचा प्रश्न आहे. मात्र परदेशी नावाने आलेला पदार्थ कौतुकाने खाताना, तेच मांस खाणाऱ्या शेजाऱ्याकडे आजवर आपण कसे पाहिले, हेही एकदा आठवून पाहावे.