रानवाटेवरील रपेट
रानवाटेवरील रपेट : डोंगरांतून वा जंगलांतून घोड्यावर केलेला दूरचा प्रवास. तीत वेगापेक्षा घोड्याच्या दमास महत्त्व असते व तो दम तबेल्यातील रोजच्या निगेवर अवलंबून असतो. घोड्याचे जठर लहान असून त्याला ओकता येत नाही. चंदी एकदम जास्त झाल्यास पोटशूळ होऊन तो दगावू शकतो. म्हणून मुख्य आहार गवताचा ठेवून चंदी विभागून देतात. रोज खरारा करतात व खूर साफ करतात. नालबंदी साधारणतः ६ ते ८ आठवड्यांनी नव्याने करावी लागते. खोगिराखाली राहिलेल्या कुसळानेही पाठीस जखम होते. अनेक स्वार एकत्र असल्यास सर्वांत मंद घोड्याच्या चालीने जातात. एक घोडा पाणी पीत असता इतर थांबतात.

कॅलिफोर्नियातील (अमेरिका) टेव्हिस चषक ही १९५५ मध्ये सुरू झालेली सु. १६० किमी.ची रपेट २४ तासांत पुरी करावयाची असते. वाटेत पशुवैद्य घोड्याची नाडी व चाल तपासतात आणि लंगडणाऱ्या वा अतिशय थकलेल्या घोड्यास पुढे जाऊ देत नाहीत. पहिल्या दहा घोड्यांपैकी सर्वांत सुस्थितीतील घोड्यास हॅगिन चषक देतात.