चाकाखालचा डोंगर

पाचोडच्या मोसंबी मार्केटमधून बाहेर पडलं की समोर राष्ट्रीय महामार्ग ५२. ट्रक, ट्रॅव्हल्स, कंटेनर. सायकलवाल्याने कडेची पांढरी पट्टी धरून, जीव मुठीत घेऊन जायचं. पण हाच रस्ता छत्रपती संभाजीनगर ओलांडून कन्नडला पोचतो आणि पुढे औट्रम घाटातून खानदेशात उतरतो. तिथे त्याला लागून आहे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. आतल्या कच्च्या वाटांवर ना ट्रक ना हॉर्न. डांबरही नाही. चाकाखाली करकरतो तो मुरूम. आणि या मुरमाची गोष्ट एकदा कळली, की सायकलवरून उतरून मूठभर हातात घेऊन बघावासा वाटतो.

मुरूम येतो कुठून? खाणीतून, असं आपण म्हणतो. पण खाणीत तो कोणी ठेवला?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि आतून लाव्हा बाहेर पडला. शंकूच्या आकाराचा एखादा ज्वालामुखी फुटला असं नाही, जमीनच उसवली. एक थर आला, थिजला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. आज उरलेला हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. सह्याद्रीचा कडा असो, गौताळ्याचा डोंगर असो की पाचोडच्या विहिरीचा तळ, दगड एकच. विहीर खणणाऱ्याला विचारा, तो भूगर्भशास्त्र न शिकताच सगळं सांगेल: आधी काळी माती, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या तर कुठे काळा पाषाण. पाषाण लागला की सुरुंग लावायचा.

म्हणजे मुरूम आहे मधला. वर माती, खाली दगड. हा मधला थर झाला कसा?

पाण्याने! पाऊस पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडासा आपल्यात विरघळवून घेतो आणि अगदी सौम्य आम्ल बनून जमिनीत उतरतो. लाव्हा थिजताना आक्रसतो, त्यामुळे पाषाणाला मुळातच भेगा असतात. पाणी त्या भेगांत शिरतं आणि दगडातल्या खनिजांची हळूहळू चिकणमाती करत जातं. दगडातलं लोह गंजतं, म्हणून रंग पिवळा-तांबूस होतो. गंमत अशी, की दगडाच्या कोपऱ्यांवर पाणी अनेक बाजूंनी हल्ला करतं, त्यामुळे कोपरे आधी जातात आणि चौकोनी दगड आतल्या आत गोल होत जातो. नाल्याची दरड किंवा रस्त्यासाठी कापलेली टेकडी जवळून बघा. मुरमात गोल धोंडे अडकलेले दिसतील. बोटाने त्यांचे पापुद्रे सुटतात, चुरा होतो. चार-पाच पापुद्रे काढा, आत निळसर काळा, टणक गाभा निघेल. तो गाभा म्हणजे जुना लाव्हा. तुमच्या तळहातावरचा चुरा म्हणजे त्याची आजची अवस्था. आणि शेजारच्या कपाशीच्या रानातली काळी माती म्हणजे त्याचं पुढचं रूप.

हे काम संथ चालतं, पण थांबलेलं नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला औट्रम घाटात दरडी कोसळल्या, वाहतूक ठप्प झाली. एका रात्रीच्या धुवाधार पावसाने वर्षानुवर्षं खिळखिळा होत आलेला डोंगर रस्त्यावर आणला.

आता सायकल घेऊन पावसानंतर काळ्या रानातून जाऊन बघा. शंभर पावलांत चाकाला चिखलाचे थर चढतात, मडगार्ड भरतं, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर येते. तिथून दहा फुटांवर मुरमाची वाट असते आणि तिच्यावर चाक मजेत फिरत असतं. बाप एकच, लेकरं अशी कशी? काळ्या मातीतले चिकणमातीचे कण सूक्ष्म पत्र्यांचे असतात. पाणी त्या पत्र्यांमध्ये शिरतं, माती फुगते आणि चिकटते. मुरूम अजून तिथवर पोचलेला नाही. त्यात खडे आहेत, खड्यांमध्ये जागा आहे, पाणी निथळून जातं. शिवाय थोडी चिकणमाती तयार झालेली असते, ती खड्यांना धरून ठेवते. दगड पुरता दगड राहिला नाही आणि पुरती माती झाली नाही, नेमक्या त्या टप्प्यावर तो रस्त्याच्या कामाचा झाला!

मुरूम पसरा, पाणी मारा, रोलरने दबाई करा. टोकदार खडे एकमेकांत अडकतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या जॉन मॅकॲडमने हेच ओळखलं होतं: गुळगुळीत गोटे नकोत, कोनदार खडी हवी, आणि पाणी रस्त्यात मुरता कामा नये. आपल्या खडीकरणामागे आजही तोच विचार आहे.

पण मग कच्च्या रस्त्यावर त्या आडव्या लाटा का पडतात? जीपमधून जाताना दातावर दात आपटवणाऱ्या? कोणी मुद्दाम तर करत नाही. कॅनडा, ब्रिटन आणि फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी वाळूचा गोल फिरता रस्ता केला, त्यावर एक चाक ठेवलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. चाक बारीकशा उंचवट्यावरून उडतं, पुढे आपटतं, तिथे खड्डा करतं, आणि त्या खड्ड्यापुढे नवा उंचवटा तयार होतो. स्प्रिंगची गरज नाही, खोडसाळ ड्रायव्हरची तर नाहीच. खरं आश्चर्य पुढे आहे: एका ठरावीक वेगाच्या खाली या लाटा पडतच नाहीत. म्हणजे रस्ता बिघडवतो तो वेग. जंगलातली मोटारी नसलेली वाट सायकलवाल्याला सपाट मिळते, याला शांततेइतकंच हेही कारण आहे.

तरी खडे असतातच. आणि प्रत्येक खडा तुमच्या पायांची थोडी ताकद खातो. ती जाते कुठे?

उत्तरासाठी इथे घाटाच्या पायथ्याशी, एका जुन्या चाकापाशी जरा थांबू. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. याच भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त एका चाकाचं वर्णन केलंय. पोकळ आऱ्यांत पारा अर्धवट भरायचा, पारा घरंगळत राहणार आणि चाक आपोआप फिरत राहणार. असं चाक चालत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. फिरणारं प्रत्येक चाक कुठे ना कुठे शक्ती गमावतं. मुरमावर ती गमावतं ते थरथरण्यात. खड्यावर चाक चढलं की सायकल आणि तुम्ही, दोघंही किंचित उचलले जाता, पुन्हा खाली येता. मिनिटाला शेकडो वेळा. हात बधिर होतात, कंबर बोलायला लागते, ती हीच वाया गेलेली मेहनत.

यावर उपाय निघाला तो हवेचा. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवेची रबरी धाव चढवली. रॉबर्ट थॉमसन यांनी तीच कल्पना चाळीसेक वर्षं आधी नोंदवली होती, पण तेव्हा ती कोणी उचलली नाही. हवेचं चाक खड्यावर चढत नाही, खड्याला पोटात घेतं! टायर तेवढ्या जागी दबतो, खडा मागे जातो, टायर परत फुगतो आणि तुम्ही होता तिथेच राहता.

एक हिशेब कागदावर करून बघा. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो. एका चाकावर साधारण ४०, म्हणजे ८८ पौंड. टायरमध्ये हवा ४० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ४० पौंड. ८८ भागिले ४०, उत्तर सव्वादोन चौरस इंचाच्या आसपास. काडेपेटीच्या पाठीपेक्षाही कमी जागा! अख्ख्या घाटात कोणत्याही क्षणी एक चाक जमिनीला शिवतं ते एवढंच. हवा कमी केली की ही जागा वाढते, टायर मऊ होतो, खडे गिळतो. म्हणून गुळगुळीत डांबरावर घट्ट हवा बरी, पण मुरमावर थोडी कमी हवाच जास्त वेग देते. टणक म्हणजे वेगवान, ही आपली समजूत इथे सपशेल उलटते.

मग मुरमासाठी टायर केवढा जाड हवा? अशा रस्त्यांसाठीच्या खास सायकली आज लाखांत विकल्या जातात, २०२२ मध्ये इटलीत त्यांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धाही झाली. त्यांच्या टायरची जाडी बहुधा ४० मिलिमीटरच्या आसपास असते. आता ओसरीत टेकवलेल्या त्या जुन्या काळ्या सायकलचा टायर बघा. दुधाच्या किटल्या, गवताचे भारे आणि पुढच्या दांड्यावर पोरगं घेऊन जी पाणंदीतून गेली, ती ॲटलस किंवा हीरो. टायरवर लिहिलेलं असतं: २८ गुणिले १ १/२. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! जग आत्ता जिथे येऊन पोचलं, तिथे आजोबा रोज दूध घालायला जात होते.

कन्नडकडून गौताळ्यात चढताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. मराठवाड्याच्या बाजूने चढ बेतानेच लागतो, आणि मग एकदम खाली खानदेश. तुम्ही पाणलोटाच्या धारेवर उभे असता. अलीकडे पडलेला थेंब शिवनेतून गोदावरीत आणि पूर्वेच्या समुद्रात जातो. पलीकडे पडलेला गिरणेतून तापीत आणि पश्चिमेच्या समुद्रात. दोघंही जाताना थोडा डोंगर बरोबर नेतात.

तर एवढं करा. अभयारण्यात शिरण्याआधी वनविभागाच्या नाक्यावर परवानगी घ्या आणि कोणती वाट खुली आहे ते विचारा. तिथे बिबट्या आहे, अस्वलं आहेत, म्हणून उजेडातच फिरा आणि एकटे जाऊ नका. गौताळा लांब वाटत असेल तर पाचोडच्या शिवारातली पाणंद आहेच, मुरूमही तोच आहे. जुनी सायकल काढा, चेनला तेल घाला, हवा जरा कमी ठेवा. आणि पाऊस उघडल्यावर दोन दिवस काळ्या रानाच्या वाटेला जाऊ नका.