प्लग बसला म्हणजे झालं?

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन हिंडायला निघालेल्या आपल्या मंडळींचा पहिला मुक्काम बहुधा नातेवाइकाच्या दारात पडतो. गॅरेजमधली केशरी एक्स्टेन्शन ओढायची, अ‍ॅडॅप्टर लावायचा, की एसी सुरू. गार हवा आली, म्हणजे जोडणी बरोबर!

तासाभराने त्या वायरीला हात लावून बघा. छपरावरचा १३,५०० बीटीयूचा एसी चालताना साधारण १२ ते १५ अँपियर घेतो आणि कॉम्प्रेसर उचलताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. घरातलं साधं सर्किट १५ अँपियरचं; तासन्‌तास चालणाऱ्या यंत्रासाठी ते १२चंच धरायचं. केशरी वायर बहुतेक १६ गेजची, म्हणजे त्या सर्किटच्या भिंतीतल्या वायरीहूनही बारीक. (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड, हे उलटं गणित लक्षात ठेवावंच लागतं.) ३० अँपियरच्या जोडणीला १० गेज हवी. बारीक, लांब वायरीत व्होल्टेज पडतं. तेव्हा एसी नुसता मंद चालत नाही. १०५ व्होल्टच्या खाली कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि एक दिवस बसतो.

‘३० अँपियर म्हणजे ड्रायरचाच सॉकेट’ हा गैरसमज तर चांगल्या इलेक्ट्रिशियनचाही होतो. ड्रायरला २४० व्होल्ट लागतात, ट्रेलरचा तीन पिनांचा सॉकेट मात्र १२०चा. चुकून २४० जोडले तरी प्लग गुमान बसतो आणि आतली उपकरणं जळतात. आपल्याला जन्मभर २३०ची सवय, त्यामुळे २४० ऐकून खटकतही नाही. नव्याने बसवलेल्या सॉकेटमध्ये आधी मल्टिमीटर, मग प्लग.

सॉकेटच नसेल तिथे जनरेटर; पण त्यावर लिहिलेले २,००० वॅट बहुधा क्षणभराचे असतात. सलग मिळतात १,६००च्या आसपास. शिवाय दर हजार फुटांना सुमारे साडेतीन टक्के ताकद घटते. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सात हजार फुटांवर, म्हणजे पाव भाग गेलाच. सॉफ्ट स्टार्टर कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका कमी करतो, पण चालतानाचा भार तेवढाच राहतो.

आणि ‘खिडकी उघडी आहे, धूर आला तर वास येईलच’? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उघड्या खिडकीतून तो आतच येतो, शेजारच्या ट्रेलरच्या जनरेटरमधूनसुद्धा. जनरेटर दारंखिडक्यांपासून निदान २० फूट लांब ठेवा, धुराचं तोंड पलीकडे करा. निजण्यापूर्वी तो बंद करा आणि आतल्या अलार्मचं बटण दाबून तो ओरडतोय ना, हे बघा.