माहेरच्या नावाचा शोध

जुना वर्गमित्र आता घरबसल्या सापडतो, असे सर्रास म्हटले जाते. मित्राच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. मैत्रिणीच्या बाबतीत नाही. हजेरीपटावरील मुलीचे विवाहानंतर आडनाव बदलले, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव आले, आणि कित्येक घरांत तर तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून तिचे पाळण्यातले नावही मागे टाकले गेले. ज्या व्यक्तीच्या नावाचे तीनही शब्द बदलले, तिला संगणकाने कोणत्या खुणेवरून ओळखावे?

पुरुषांची वाटही आपल्या समाजात सरळ नाही. शाळेत लोढा, बाफना किंवा चोरडिया असलेला मुलगा पुढे इंदूरला वा दिल्लीला गेल्यावर केवळ ‘जैन’ लावू लागतो, आणि त्या एका शब्दाच्या महासागरात दिसेनासा होतो. सांगली-कोल्हापूरकडच्या पाटील-चौगुल्यांना तर आडनावावरून शोधण्याची आशाच धरू नये. शिवाय रोमन लिपीत ‘शहा’ दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो. म्हणून प्रत्येक तऱ्हा आणि देवनागरीही करून पाहावी लागते. जन्मतारखेचा आधार घ्यावा, तर प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी सोयीने १ जून ही तारीख नोंदवलेले विद्यार्थी एकेका वर्गात किती निघतील, हे जुन्या पिढीला सांगायला नको.

शाळासोबत्यांना गाठून देण्याचा व्यवसायही होऊ शकतो, हे पाश्चात्त्यांनी आधी ओळखले. अमेरिकेत १९९५ साली ‘क्लासमेट्स’ हे संकेतस्थळ निघाले. ब्रिटनमध्ये २००० साली ‘फ्रेंड्स रियुनायटेड’ सुरू झाले आणि पाचच वर्षांत आयटीव्ही या दूरचित्रवाणी कंपनीने ते १२ कोटी पौंडांना घेतले. २००९ मध्ये तेच २.५ कोटींना विकावे लागले आणि २०१६ मध्ये बंद पडले. व्यापारी वाचकाने या सौद्यावर क्षणभर थांबावे : माणसे एकमेकांना सापडली, की सापडवून देणाऱ्याचे दुकान रिकामे होते. आपल्याकडे तीच गोष्ट ऑर्कुटची. २००४ साली आलेल्या ऑर्कुटवर गावोगावच्या शाळांच्या नावाने समूह निघाले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले, आणि ज्यांनी दूरध्वनी क्रमांक वेळीच वहीत उतरवून घेतले नव्हते त्यांचे सापडलेले सोबती पुन्हा हरवले. वहीत उतरवण्याची सवय आपल्या पेढ्यांना नवी नाही. ती येथेही चालवावी.

माझ्या मते, व्यापारी कुटुंबातील मैत्रिणीचा शोध तिच्या नावापासून सुरूच करू नये. तिच्या भावापासून करावा. त्याचे आडनाव बदललेले नसते, आणि दुकान बहुधा त्याच पेठेत असते. आजोबांच्या नावाची पाटी नव्या रंगात का होईना, पण टिकलेली असते. गूगलच्या नकाशावर गावाचे नाव, पेठेचे नाव आणि ‘कापड’, ‘भुसार’ किंवा ‘सराफ’ एवढे लिहिले, तरी अनेकदा पाटीचे छायाचित्र आणि दुकानाचा क्रमांकही समोर येतो. माणूस स्थलांतर करतो. पेढी सहसा करत नाही. याच्या जोडीला घरात पडून असलेली समाजाची डिरेक्टरी, परिचय-पुस्तिका आणि जपून ठेवलेल्या लग्नपत्रिका काढाव्यात. पत्रिकेवर वधूचे माहेर आणि सासर दोन्ही एकाच कागदावर असतात. एवढी नेमकी नोंद कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

भावाला फोन केल्यावर मात्र बहिणीचा क्रमांक मागू नये. आपला क्रमांक तिच्यापर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी. बोलायचे की नाही, हे तिने ठरवावे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात परस्पर कोणाला समाविष्ट करणे हीदेखील आगळीक आहे. तेथे तिचा क्रमांक सर्वांना दिसतो, आणि प्रत्येकीच्या घरी ते रुचेलच असे नाही. उत्तर आले नाही तरी लगेच नकार समजू नये. अपरिचिताचा संदेश फेसबुकवर निराळ्या कप्प्यात पडतो आणि तेथे तो वर्षानुवर्षे न उघडता राहू शकतो. दुसरी बाजूही ध्यानात असावी. जुन्या मित्राचे छायाचित्र लावून कोणी अचानक पैशांची निकड सांगू लागला, तर आधी गणिताच्या सरांचे टोपणनाव विचारावे. ते इंटरनेटवर सापडत नाही.

हा खटाटोप स्त्रियांसाठी विशेष अगत्याचा आहे. पुरुषाचे शाळासोबती दुकानाच्या गादीवर येऊन बसतात, चहा घेतात, उधारीही ठेवतात. त्याची मैत्री त्याच गावात चालू राहते. सून म्हणून आलेल्या मुलीची मैत्री मात्र वेशीवर थांबते. पुढची तीस वर्षे ती कोणाची तरी काकी, मामी, वहिनी असते. तिला तिच्या पहिल्या नावाने हाक मारणारे माहेरचे वडीलधारे एकेक करून जातात, आणि मग ते नाव उच्चारणारे जगात उरतात ते केवळ वर्गातले. मुलांनी आणि सुनांनी सुटीच्या एखाद्या दुपारी आईजवळ फोन घेऊन बसावे आणि तिच्या बाकावर कोण बसत असे, हे विचारावे.

अलीकडे दहावीच्या जुन्या तुकड्यांचे स्नेहमेळावे ठिकठिकाणी होतात. निवृत्त गुरुजींना सन्मानाने आणले जाते आणि कित्येक ठिकाणी ते पूर्वीसारखी हजेरी घेतात. नावे अर्थातच तेव्हाची. साठीला पोहोचलेली एखादी आजी उभी राहून ‘हजर’ म्हणते, आणि शेजारी बसलेल्या नातीला हे नाव कोणाचे ते कळत नाही. काही नावांना उत्तर येत नाही. गुरुजी चष्म्यावरून वर पाहतात, मागच्या रांगेतून कोणीतरी ‘शोध चालू आहे, सर’ असे सांगते, आणि ते पुढचे नाव वाचतात.