कांदा, कर्ज आणि ओवाळणी

उजव्या विचारांचा माणूस म्हटला की हल्ली फक्त तो कोणत्या पक्षाचा एवढेच विचारतात. माझे उजवेपण जुन्या वळणाचे आहे. सरकारने राज्य करावे, दुकान मांडू नये आणि दुसऱ्याच्या पैशावर उदार होऊ नये. पस्तीस वर्षे बँकेत लोकांच्या ठेवींचा हिशेब ठेवलेल्या माणसाचे मत याहून निराळे काय असणार? पण या मताला आज घर उरलेले नाही.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ते लख्ख दिसले. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १५०० रुपये सुरू झालेलेच होते. महायुती म्हणाली, २१०० देऊ. महाविकास आघाडी म्हणाली, ३००० देऊ. ओवाळणीचा असा लिलाव मी प्रथमच पाहिला! बायाबापड्यांच्या हाती चार पैसे आले याचे मला मुळीच दुःख नाही. पण पुढच्या वर्षी हे कुठून आणणार, असे दोन्हींपैकी एकाही व्यासपीठावरून कुणी विचारले नाही.

असे विचारणारा एक माणूस आपल्या पुण्याजवळच होऊन गेला. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली जागतिक टपाल संघाची नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांच्या शेतकरी संघटनेची घोषणा. कर्जमुक्ती त्यांनीही मागितली, पण त्यामागे हिशेब होता : सरकारच भाव पाडते म्हणून कर्ज फिटत नाही, तेव्हा कर्ज पुसा आणि बाजार मोकळा करा. पुढाऱ्यांनी यातली माफी तेवढी उचलली, बाजाराचे कलम सोयीस्करपणे गाळले.

कांद्याचेच पाहा ना. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण अचानक निर्यातबंदी केली, तेव्हा बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन सांगितले, आचाऱ्याला कांदा घालू नकोस म्हणून बजावले आहे! विनोद झाला, पण गिऱ्हाईकाने काय समजायचे ते समजून घेतले असणार. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी. मे २०२४ मध्ये ती उठली, पण ४० टक्के शुल्क लावूनच; ते पुरते जायला एप्रिल २०२५ उजाडला. यात केवळ दिल्लीला बोल लावून आपण सुटत नाही. मंडईत कांदा महागला की आम्ही पुणेकर वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो. तोच कांदा शेतकरी रस्त्यावर ओततो तेव्हा आमची लेखणी म्यान असते.

आणि माफी? १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह सरकारने दहा हजारांपर्यंतची थकीत कर्जे माफ केली, तेव्हा मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. एक वयस्कर शेतकरी बैल विकून आदल्याच वर्षी खाते निल करून गेला होता. तो काउंटरशी येऊन म्हणाला, ‘‘साहेब, मी उगाच घाई केली म्हणायची.’’ शेजारचे दोघे हसले. मी त्याला चहा पाजला. दुसरे काही माझ्या अधिकारात नव्हते. २०१७ च्या राज्याच्या कर्जमाफीत नियमित फेडणाऱ्यांसाठी पंचवीस हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवले. २०१९ च्या माफीच्या वेळी पन्नास हजार कबूल केले, त्यांचे वाटप २०२२ मध्ये सुरू झाले. थकवणाऱ्याचा निकाल आधी, फेडणाऱ्याचा नंतर, हा क्रम मात्र बदलला नाही.