परवाना मिळाला म्हणून बंदूक उशाखाली येत नाही

आसपास एखादा मोठा दरोडा पडला की आठवडाभर तरी शस्त्र परवान्याच्या चौकशा वाढतात. गावाबाहेर बंगला बांधलेला, रात्री दुकानाचा गल्ला घेऊन घरी परतणारा, शेतघरावर एकटाच राहणारा, असा प्रत्येक जण "घरात एखादं पिस्तूल असावं" असं म्हणू लागतो. विचारात गैर काही नाही. फक्त त्यामागची माहिती बहुतेक वेळा सिनेमातून, अमेरिकन व्हिडिओंतून आणि "वर आपली ओळख आहे" म्हणणाऱ्या एजंटाकडून आलेली असते. तिघांचंही या विषयातलं ज्ञान बेताचंच.

"स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा माझा हक्क आहे."

स्वतःचा जीव वाचवणं हा हक्क आहे. त्यासाठी बंदूक बाळगणं हा आपल्याकडे हक्क नाही. अमेरिकेत राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे आणि घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं त्यात बसतं, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. आपल्या घटनेत असं कलम नाही. बेकायदा शस्त्रांच्या एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हा फरक स्पष्ट बोलून दाखवला. इथे सगळं चालतं ते १९५९ च्या शस्त्र अधिनियमावर आणि २०१६ च्या शस्त्र नियमांवर. न्यू जर्सीतल्या भाच्याने दुकानात जाऊन बंदूक घेतली, हे पुण्यातल्या मामाच्या काहीच उपयोगाचं नाही.

"पैसा आणि ओळख असली की परवाना मिळतोच."

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत अर्ज आयुक्तांकडे जातो, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. त्यात सुरक्षित हाताळणी, गोळीबाराचं तंत्र, देखभाल, साठवण आणि ने-आण हे सगळं येतं. मग अर्ज स्थानिक पोलीस ठाण्याकडे चौकशीला जातो. जबाब घेतले जातात, गुन्ह्यांची नोंद तपासली जाते, शेजारीपाजारी विचारपूस होते आणि ठाण्याचा अहवाल वर जातो.

खरा प्रश्न गरजेचा असतो. व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणाने जिवाला अथवा मालमत्तेला धोका असल्याची खरीखुरी गरज दाखवा, असं नियम सांगतात. "मला भीती वाटते" एवढं पुरत नाही. आधी मिळालेल्या धमकीची तक्रार, रोकड नेण्याआणण्याचं काम, वस्तीपासून तुटलेलं घर, असं काही कागदावर दाखवता आलं पाहिजे. नकार द्यायचा झाला तर अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवायची असतात आणि त्या नकारावर अपील करता येतं. एजंटाला पैसे मोजणारे बरेच जण हे अपील मात्र करत नाहीत.

बंदूक श्रीमंतांनाच मिळते, हा याच समजाचा जुळा भाऊ. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असं कायद्याच्या १४ व्या कलमातच लिहिलेलं आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात साध्या बागायतदाराच्या घरीही ठासणीची बंदूक सापडते, ती शेती संरक्षणाच्या परवान्यावर. माकडं, रानडुकरं, गवे यांच्यापुढे दुसरा इलाज सुचत नाही. ठासणीच्या बंदुकीने काम भागणार असेल तर तिचाच परवाना द्यावा, अशी सोयही कायद्यात केलेली आहे. मात्र पिकाच्या राखणीचा हा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकराला मारायचं तर वन्यजीव कायद्याखालची वेगळी परवानगी लागते.

"घ्यायचं तर नाइन एमएम घ्यायचं."

सिनेमातल्या प्रत्येक इन्स्पेक्टरच्या कमरेला असलेलं नाइन एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. .३०३ रायफलचंही तेच. नागरिकाच्या परवान्यावर साधारणपणे .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .२२, .३१५ रायफल किंवा बारा बोअरची एकनळी-दुनळी येते. यांतल्या बारा बोअरसारख्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला, नळी किमान २० इंचांची असेल तर, संरक्षणासाठी परवाना देण्याकडे कायद्याचाच कल आहे. तरी अर्ज पाहिले तर बहुतेकांना रिव्हॉल्व्हर हवं असतं. ते कमरेला दिसतं, दुनळी दिसत नाही. माझ्या मते कारण एवढंच.

परदेशी बनावटीची नवी हत्यारं सामान्य माणसाला आयात करता येत नाहीत. ऐंशीच्या दशकातच ते दार बंद झालं. त्यामुळे कानपूर आणि ईशापूरच्या सरकारी कारखान्यांचा माल हाच बहुतेकांचा पर्याय. २०१४ मध्ये कानपूरहून महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आलेल्या ‘निर्भीक’ या हलक्या .३२ रिव्हॉल्व्हरची किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती. काडतुसांचं मात्र आपल्याशी जवळचं नातं. खडकीचा दारूगोळा कारखाना नागरी वापराची काडतुसंही बनवत आला आहे आणि त्यांच्या बुडावर इंग्रजीत ‘केएफ’ असा ठसा असतो. एका वेळी किती आणि वर्षभरात किती काडतुसं घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. जास्तीची जमवून ठेवली तर तो गुन्हा.

"घरात असली की हाताशी असली."

बंदूक घेणाऱ्याच्या मनात चित्र असतं ते असं: मध्यरात्री खुट्ट वाजतं, हात उशाखाली जातो, पुढचं सगळं आपोआप. परवान्यासाठी मात्र आपण लिहून दिलेलं असतं की हत्यार सुरक्षित, कुलपात ठेवीन. नीट ठेवायचं तर हत्यार रिकामं, काडतुसं वेगळी, दोन्ही कुलूपबंद आणि किल्ली फक्त परवानाधारकाकडे. म्हणजे झोपेतून उठून, अंधारात, घाबरलेल्या हातांनी दोन कुलपं उघडायची आणि गोळ्या भरायच्या. हे करून बघितलेला माणूस बंदुकीच्या आधी दाराला जाड कडी, आवारात दिवा आणि कुत्रा यांचा विचार करू लागतो. भरलेलं हत्यार उघड्यावर ठेवलं की चोराच्या आधी घरातलंच कुणीतरी त्याच्यापाशी पोचण्याची शक्यता जास्त.

१ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांचंच परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातून निसटलं, गोळी सुटली आणि पायात घुसली, असं त्यांच्या वतीने सांगण्यात आलं. घरात ना चोर होता ना भांडण. जुन्या धाटणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा भरल्या घरावर टेकलेला असताना जोराचा दणका बसला तर गोळी उडू शकते. म्हणूनच पूर्वीचे जाणकार घोड्याखालचं घर रिकामं ठेवत.

पिस्तुलातली चूक वेगळी आणि जास्त फसवी. मॅगझिन काढली की पिस्तूल रिकामं झालं, असं नवख्याला हमखास वाटतं. मॅगझिन बाहेर आली तरी एक गोळी आधीच चेंबरमध्ये चढलेली असू शकते. रिकामं करायचं तर आधी मॅगझिन काढायची, मग स्लाइड मागे ओढून धरायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढली, तर एक गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी चेंबरमध्ये जाऊन बसते. "रिकामं होतं हो" म्हणत झालेल्या अपघातांत हाच क्रम चुकलेला असतो. म्हणून प्रशिक्षक पहिल्याच दिवशी घोकून घेतात: हाती आलेलं प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं, नळी कधीही माणसाकडे वळवायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचं आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघायचं.

हे शेवटचं सदनिकेत फार महत्त्वाचं. विटांची भिंत गोळी सहसा थोपवते. प्लायवूडचं किंवा जिप्समचं पार्टिशन थोपवत नाही आणि पार्टिशनच्या पलीकडे मुलांची खोली असते. बारा बोअरला नेमाची गरज नाही, छर्रे आपोआप खोलीभर पसरतात, हेही खरं नाही. खोलीच्या अंतरावर छर्र्यांचा पसारा जेमतेम काही इंच असतो. नेम चुकला तर सगळंच चुकलं.

चोराच्या भीतीने आणलेल्या बंदुकीने घरातला धोका किती वाढतो, यावर सगळ्यात मोठे अभ्यास अमेरिकेत झाले. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या सुमारे ८ पट, तर स्त्रियांत सुमारे ३५ पट आढळलं. याच संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की पिस्तूलधारकाबरोबर एका घरात राहणाऱ्या, स्वतः पिस्तूल नसलेल्या माणसांत हत्येचं प्रमाण दुपटीहून जास्त आहे. तिथली परिस्थिती आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही, हे मान्य. पण घरात कुणाला नैराश्य असेल, दारूचं व्यसन असेल, रोजची भांडणं असतील, तर परवाना मागण्याआधी या आकड्यांकडे बघावं.

"घरात शिरला ना? मग उडवला तरी गुन्हा नाही."

खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंत तो हक्क पोचतो, पण ठरावीक प्रसंगांतच: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा जीव जाईल अथवा जबर इजा होईल अशी रास्त भीती वाटावी अशी चोरी, आगळीक किंवा घुसखोरी. आणि या सगळ्यावर ३७ व्या कलमाची मर्यादा आहे. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच मिळत नाही. दिवसा आंबे चोरायला कुंपणावर चढलेल्या पोरावर छर्रे झाडले तर ते या कलमांत बसत नाही. मध्यरात्री कुलूप तोडून शिरलेला, पण आता हात वर करून उभा राहिलेला किंवा पाठ फिरवून पळत सुटलेला चोरही नाही.

बचाव खरा असला तरी गोळी सुटल्यावर पंचनामा होतो, हत्यार जप्त होतं, गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. आपण बचावात गोळी झाडली, हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. सरकारी पक्षाइतका कडक पुरावा आपल्याकडून मागितला जात नाही, एवढाच दिलासा.

हवेत बार काढण्याबद्दल थोडक्यात. लग्नात, वरातीत, निकालाच्या जल्लोषात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हत्यार परवान्याचं होतं म्हणून त्यातून सुटका नाही.

"एकदा मिळाला की जन्माचा."

परवाना ५ वर्षांचा असतो, २०१९ पूर्वी ३ वर्षांचा होता. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त ३ हत्यारं ही मर्यादा २ वर आणली. गुन्हा दाखल झाला, अटी मोडल्या किंवा सार्वजनिक शांततेला धोका दिसला, तर परवाना स्थगित किंवा रद्द होतो. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जिल्ह्यातले बाराशेहून अधिक शस्त्र परवाने चर्चेत आले. पुढच्या काही महिन्यांत त्यांतले कित्येक रद्द झाले.

निवडणूक लागली की हत्यारं पोलिसांत जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट सगळ्यांची जमा करू नयेत, छाननी समितीने प्रकरणागणिक ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितलेलं आहे. तरी कोकणातला बागायतदार दर निवडणुकीत तक्रार करतो की बंदूक ठाण्यात आणि माकडं बागेत. त्याच्या तक्रारीत तथ्य आहे.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडिलांचं पिस्तूल मुलाने घेऊन फिरणं हा मुलाचा गुन्हा आणि देणाऱ्या वडिलांचाही. वारसाला परवाना हवा असेल तर त्याची वेगळी वाट आहे. धारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, तर हयातीतच ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाची पोलीस चौकशी पुन्हा पहिल्यापासून होते.

आणि जुन्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांची दुनळी सापडली, परवाना कधीच संपलेला, तर ती पिशवीत घालून ठाण्यात न्यायला निघू नये. विनापरवाना बंदूक घेऊन रस्त्यावर दिसणं अडचणीचं ठरू शकतं. आधी पोलीस ठाण्याला कळवावं, ते सांगतील तसं हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारस म्हणून अर्ज करावा. परवाना नको असेल किंवा मिळाला नाही, तर जमा केलेली बंदूक कायदेशीर परवाना असलेल्या कुणालाही विकता येते.