फॉके-वुल्फचा धागा राजस्थानच्या आकाशात

आमच्या भिलाईत रशियन अभियंते पोलादाचा कारखाना उभारत होते, त्याच काळात बंगळुरूत जर्मन विमान अभियंते कुर्ट टांक भारतासाठी लढाऊ विमान घडवत होते. हिटलरच्या हवाई दलातलं गाजलेलं फॉके-वुल्फ १९० याच माणसाचं!

बंगळुरूत घडलेलं त्यांचं हे विमान, ‘मारुत’, १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालं. हवं तेवढं ताकदवान इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही, ही हळहळ आजही वाटते. तरी १९७१ च्या युद्धात १० आणि २२० क्रमांकाच्या स्क्वाड्रननी ते राजस्थान आघाडीवर जिद्दीनं लढवलं. जमिनीलगत उडत रणगाडे, रेल्वेगाड्या टिपल्या. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात काही मारुत पडली, पण हवाई झुंजीत एकही नाही!

मुंबईकरांनो, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मारुत उभं आहे. जरूर पाहा.